पाणंदीची गाडी : गिअरची की बिनगिअरची?



पेरण्या आटोपल्या आणि दोन-तीन चांगल्या पावसांनी रान भिजले, की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. बियाणे आणि खते मागे पडतात, चिखल पुढे येतो. ट्रॅक्टर रुतला, दुधाची गाडी वस्तीपर्यंत येत नाही, पोरांची शाळा बुडते. या वेळचा प्रश्न त्याच चिखलाचा आहे, पण पिकाचा नाही, गाडीचा आहे. शेतीच्या सदरात मोटारीचे काय काम, असे कुणी म्हणेल. ज्याची वस्ती रानात आहे तो म्हणणार नाही.

प्रश्न विचारला आहे एका सूनबाईंनी. त्यांची वस्ती गावच्या डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. त्यात सव्वा किलोमीटर काळ्या रानातली पाणंद, मग एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे मुरमाचा उभा चढ. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या सासूबाईंना दम लागला. मालक कांदा घेऊन बाजार समितीत मुक्कामाला गेलेले. सासरे, म्हणजे घरचे आबा, पूर्वी पट्टीचे ड्रायव्हर, पण डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, क्लच दाबवत नाही. सूनबाई स्कूटी चालवतात, जीप कधी शिकल्या नाहीत. अंगणात चारही चाकांना ओढ असलेली जीप उभी, डिझेल भरलेले, आणि चालवायला माणूस नाही. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर आला, म्हातारीला ट्रॉलीत गादी टाकून नेले. दीड तास गेला. सुदैवाने त्या सुखरूप परत आल्या.

जुनी जीप आता काढायची ठरली आहे. सूनबाईंचे म्हणणे, बिनगिअरची घ्या, म्हणजे मलाही चालवता येईल आणि आबांनाही. मालक म्हणतात गिअरचीच. आणि आबा म्हणतात, बिनगिअरची गाडी शहरातल्या गुळगुळीत रस्त्याची, ती चिखलात चालतच नाही. आबांचे खरे आहे का, एवढाच प्रश्न.

आबांचे निम्मे खरे आहे. कोणते निम्मे, ते पाहू.

आधी हे सांगतो, की गिअरची की बिनगिअरची हा प्रश्न पहिला नव्हेच. चिखलात आणि चढावर गाडी निघते ती मुख्यत्वे तीन गोष्टींवर : चारही चाकांना ओढ आहे का, टायर कसे आहेत, आणि छोटा दांडा आहे का. छोटा दांडा म्हणजे मोठ्या गिअरपेटीच्या मागे असणारी दुसरी पेटी. ती ‘लो’वर टाकली की प्रत्येक गिअर आणखी दुप्पट ते अडीचपट हळू आणि तितकाच जोरदार होतो. ट्रॅक्टरवर हाय-लोचा दांडा वापरता, तेच हे. ज्या गाडीला तो नाही, ती गिअरची असो की बिनगिअरची, तिच्याकडून मुरमाच्या उभ्या चढाची फार अपेक्षा धरू नये. आणि नावावर जाऊ नका. थार २०२० साली नव्या रूपात आली ती चारही चाकांच्या ओढीची. पण जानेवारी २०२३ मध्ये त्याच नावाने नुसत्या मागच्या चाकांच्या ओढीची गाडीही आली. दिसायला दोघी बहिणी. जुन्या गाडीचा व्यवहार करताना आत वाकून दुसरा दांडा आपल्या डोळ्यांनी पाहावा.

आता गिअरकडे येऊ.

तुम्ही नांगरट करता तेव्हा काय करता? तासाला लागण्याआधी गिअर ठरवता. जमीन कशी आहे, फाळ किती खोल जाणार, हे डोळ्यांनी पाहून गिअर टाकता आणि मग तास संपेपर्यंत त्याला हात लावत नाही. मध्येच क्लच दाबून गिअर बदलायला गेलात तर ट्रॅक्टर तिथेच बसतो. रस्त्याबाहेर गाडी चालवण्याची सगळी विद्या यात आली. पुढचा चिखल माणसाला दिसतो, गाडीला दिसत नाही. बिनगिअरची गाडी आपला वेग, रेस आणि इंजिनावरचा ताण पाहून गिअर बदलते. पुढे दहा पावलांवर चाकोरी खोल गेली आहे, हे तिला कसे कळावे? म्हणून ती नेमकी चिखलाच्या तोंडाशी वरचा गिअर टाकते आणि आत शिरल्यावर पुन्हा खालचा शोधत बसते. आबा म्हणतात ते इथवर खरे.

पण गिअरच्या गाडीचेही ऐका. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. ती कोरड्या घर्षणावर चालते. पूर्ण पाय सोडला की ती घट्ट धरते, पूर्ण दाबला की सुटते, आणि अर्धवट दाबला की घासत फिरते. चिखलात फसलेल्या गाडीत नवशिका काय करतो? रेस वाढवतो आणि हाफ क्लचवर गाडी हलवत राहतो. पाच-सात मिनिटांत जळका वास येतो. तो वास क्लचप्लेटचा, आणि एकदा ती अशी भाजली की पुढे चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही. दुसरे असे, की चिखलात गिअर बदलायला क्लच दाबला त्या क्षणी चाकांची ओढ तुटते. डांबरावर तो क्षण कळतही नाही. काळ्या रानात गाडी तेवढ्यात थांबते, आणि थांबलेली गाडी पुन्हा हलवणे हे चालती गाडी चालती ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

खऱ्या बिनगिअरच्या गाडीत क्लचप्लेटच्या जागी तेलाने भरलेले बंद भांडे असते. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन पंखे समोरासमोर ठेवले आहेत अशी कल्पना करा. इंजिन एक पंखा फिरवते, तो तेल ढकलतो, तेलाच्या झोताने दुसरा पंखा फिरतो आणि तो गिअरपेटीला जोडलेला असतो. दोघांच्या मध्ये तेलाची दिशा वळवणारे तिसरे एक लहान चक्र असते. त्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा जोर सुमारे दुप्पट होऊन मिळतो. घासायला कोरडी प्लेट नाही, इंजिन बंद पडण्याची भीती नाही. ब्रेकवरचा पाय हलके उचलला की गाडी मुंगीच्या पावलांनी निघते. आणि गिअर बदलतानाही ओढ जवळजवळ तुटत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी गिअरच्या गाडीला माणसाचा डावा पाय फार जपून वापरावा लागतो, तिथे हिचे काम सोपे होते. ‘बिनगिअरची’ हे नाव मात्र खोटे आहे. आत गिअर असतात, चार, पाच, सहा. फक्त ते टाकण्याचे काम आपल्याकडे नसते.

‘चिखलात चालतच नाही’ हे आबांचे दुसरे निम्मे मी यासाठीच मान्य करीत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याकडे दोन्ही प्रकार एकाच वेळी होते. विलीज जीपला हाताचे तीन गिअर आणि छोटा दांडा होता. त्याच सैन्याच्या १९४२ पासून बनलेल्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्याला मात्र आपोआप गिअर बदलणारी पेटी होती. रणगाडा काही डांबरावर चालवायला बनवत नाहीत. आपल्याकडे त्या काळातली जीप आली, महिंद्रांनी ती इथे जुळवायला घेतली, आणि दोन पिढ्या जीप म्हणजे गिअर असेच समीकरण बसले. आबांच्या मताचे मूळ तिथे आहे. माझेही हात त्याच दांड्यावर घडले, त्यामुळे मीही बरीच वर्षे तेच बोलत होतो.

आता एक सावधगिरी, आणि ही नीट वाचा, कारण यात पैसे बुडतात. गाडीच्या मागे ‘ऑटोमॅटिक’ लिहिले म्हणजे वर सांगितलेले तेलाचे भांडे आत असतेच असे नाही. २०१४ साली आपल्याकडे मारुतीच्या सेलेरिओत एएमटी नावाचा प्रकार आला आणि नंतर अनेक लहान गाड्यांत पसरला. त्यात क्लचप्लेट तीच, गिअरपेटी तीच. फक्त क्लच दाबण्याचे आणि दांडा हलवण्याचे काम एक यंत्र करते. शहरातल्या गर्दीला ही सोय चांगली आणि स्वस्त. पण चढावर रेस देऊन गाडी तोलून धरली की आत क्लचप्लेट घासतच असते, आणि हाफ क्लचचा अंदाज यंत्राला तुमच्याइतका नसतो. सीव्हीटी नावाच्या प्रकारात दोन कप्प्यांवरून लोखंडी पट्टा फिरतो. दोन क्लचचा आणखी एक प्रकार आहे, तो चिखलात रेटला की तापून दिवा लावतो. हे तिन्ही प्रकार बहुधा नुसत्या पुढच्या चाकांच्या ओढीच्या गाड्यांत असतात. पाणंदीसाठी बिनगिअरची घ्यायची तर टॉर्क कन्व्हर्टरचीच घ्यावी. विक्रेत्याला नाव घेऊन विचारा आणि कागदावर दाखवायला सांगा.

त्या कुटुंबाच्या पाणंदीवरून मी स्वतः चालून आलो. आबा काठी टेकत ओढ्यापर्यंत बरोबर आले. प्रत्येक वाट वेगळी असते, म्हणून टप्प्याटप्प्याने सांगतो.

काळ्या रानातल्या टप्प्यावर गिअरचा प्रकार दुय्यमच. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, टायरच्या खाचा भरतात आणि टायर घोटीव दगडासारखा गुळगुळीत होतो. मग कोणतीही गाडी घसरतेच. इथे चार चाकांची ओढ आधी टाकावी, फसल्यावर नव्हे. दुसरा गिअर, मंद आणि एकसारखी रेस. बिनगिअरच्या गाडीत दांडा ‘डी’वर न ठेवता हाताने दुसरा गिअर पक्का करावा, बहुतेक चांगल्या गाड्यांत ती सोय असते, पण घेण्यापूर्वी ती खात्री करून घ्या. चाक जागेवर फिरू लागले की थांबा. रेस वाढवून फक्त खड्डा खोल होतो. टायरची हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. तीस-बत्तीस पौंड असेल तर वीसवर आणा, आणि डांबरावर लागण्यापूर्वी पुन्हा भरा. त्यासाठी पायाचा पंप गाडीत ठेवावा. चाकाखाली घालायला पाचट किंवा तुराट्या लागतातच, त्या पाणंदीच्या कडेला रचून ठेवलेल्या बऱ्या.

बिनगिअरच्या गाडीला इथे एक पथ्य आहे. फसल्यावर पुढे-मागे, पुढे-मागे हिसके देत बसलात तर भांड्यातले तेल तापते. तापलेले तेल हेच या पेटीचे मरण. तीन-चार प्रयत्नांत निघाली नाही तर दहा मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे आणि तोवर फावडे हातात घ्यावे. शेवटी फावड्यानेच काम होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ओढ्याचे सांगायचे तर पाणी वाहते असताना शहाणपण बाजूला ठेवू नका. एक फूट वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते, दोन फूट वाहते पाणी जीपसारख्या गाडीलाही ढकलत नेऊ शकते. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर, म्हणजे सव्वीसेक इंच पाण्यातून जाता येईल असे दिले आहे. पण तो आकडा वाचून पुरात गाडी घालायची नसते. आपल्या ओढ्याच्या तळाशी खड्डा कुठे पडला ते कारखान्याला माहीत नाही. ओढ्यात दोन्ही काठांना खुणेचे खांब रोवा आणि गुडघ्याच्या उंचीला रंगाचा पट्टा मारा. पट्टा बुडाला की गाडी अलीकडे.

पाणी कमी असेल तर पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये थांबायचे नाही. गिअरच्या गाडीत पाण्यात असताना क्लच दाबू नये, प्लेटांमध्ये पाणी शिरून ती घसरू लागते. बिनगिअरच्या गाडीत ती काळजी नाही, पण पेटीच्या श्वासनळीतून पाणी आत गेले तर तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. तसे दिसले तर गाडी न चालवता तेल बदलून घ्यावे. आणि दोन्हींना सारखा नियम : पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवू नका. आत पाणी गेले असेल तर इंजिनाचे दांडे वाकतात. गाडी ओढून बाहेर काढा.

चढावर बिनगिअरची गाडी नवख्या माणसाला सोपी, हे मी आता निःशंकपणे सांगतो. छोटा दांडा लोवर, पहिला गिअर, आणि उजवा पाय. मध्ये थांबावे लागले तर ब्रेक. पुन्हा निघताना मागे घरंगळण्याची भीती फार कमी. गिअरच्या गाडीत हेच करायला हँडब्रेक, क्लच आणि रेस यांचा मेळ बसावा लागतो, आणि रात्री, पावसात, मागे कण्हणारे माणूस असताना तो मेळ सरावाच्या माणसाचाही चुकतो.

पण चढ चढताना गाडी अर्ध्यावर दमली तर काय करायचे, हे दोन्ही गाड्यांच्या चालकाला यायलाच हवे. ब्रेक घट्ट. गाडी वळवायचा विचारही नको. उतारावर आडवी झालेली गाडी कलंडते. गिअरच्या गाडीत क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन बंद पडले असेल तर ब्रेक न सोडता चालू करा, मग क्लच पूर्ण सोडून गाडी इंजिनाच्या धाकाने सरळ मागे उतरू द्या. बिनगिअरच्या गाडीत इंजिन बंद पडले असेल तर दांडा ‘पी’वर घेऊन चालू करा, मग ‘आर’वर आणून ब्रेकच्या आधाराने सावकाश मागे. न्यूट्रलमध्ये मागे घरंगळत येणे म्हणजे गाडी देवाच्या हवाली करणे.

आणि आता उतार. इथे मला थोडे जास्त लिहायचे आहे.

१९९४ सालची गोष्ट. नोकरीला लागून फार वर्षे झाली नव्हती. डोंगरावरच्या एका गावात भाताच्या रोपवाटिकेचे प्रात्यक्षिक आटोपून परत येत होतो. जीप एका स्नेह्याची मागून आणलेली, चालवत होतो मी, बरोबर दोघे शेतकरी. डिझेल वाचवावे म्हणून घाट लागल्यावर इंजिन बंद केले आणि दांडा न्यूट्रलवर टाकला. तेव्हा सगळेच तसे करीत. चार वळणे गंमत वाटली. पाचव्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल खाली जाई पण गाडी धरत नसे. जळका वास आला. ब्रेकची ड्रम इतकी तापली होती की पकडच राहिली नव्हती. गिअर टाकायला गेलो तर इतक्या वेगात दांडा बसेना, नुसते दात खरखरले. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला गटार आणि डोंगर. मी जीप गटारात घातली. एकाचे मनगट मोडले, बाकीचे बचावलो. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, पण चूक माझीच होती. वाचवले ते अर्धा लिटर डिझेल असेल.

आजच्या गाड्यांत तर ते अर्धा लिटरही वाचत नाही. इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठाच तोडला जातो. चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन चाकांना अडवते. न्यूट्रलवर टाकली तर उलट इंजिन चालू राहायला इंधन खाते. शिवाय इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंगही जड होते.

म्हणून उताराचा नियम एकच : उतरायला लागण्याआधी गिअर. छोटा दांडा लोवर, पहिला गिअर, आणि क्लचवर पाय नाही. गिअरची गाडी अशी उतरते की ब्रेकला फारसे कामच उरत नाही. उसाची भरलेली ट्रॉली उतारावरून आणणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तिथे ज्याने क्लच दाबला त्याला ट्रॉलीने ढकलले. या एका बाबतीत गिअरची गाडी सरस आहे, हे मी आजही म्हणतो. तेलाच्या भांड्यातून इंजिनाचा धाक चाकापर्यंत थोडा पातळ होऊन पोचतो. बिनगिअरच्या गाडीत ‘डी’वर उतार लागला तर ती वरचा गिअर टाकून पळू लागते. पण छोटा दांडा लोवर आणि हाताने पहिला गिअर पक्का केला तर ती पुरेशी धरते. काही गाड्यांत उतारावर आपोआप ब्रेक धरणारी सोयही असते. ती चांगली, पण ती ब्रेकच वापरते हे विसरू नका. लांब घाटात तिच्या भरवशावर राहू नये.

आता दुरुस्ती. मालकांचा गिअरचा आग्रह यासाठीच होता आणि तो वाजवी आहे. क्लचप्लेट तालुक्याचा मिस्त्री एका दिवसात बदलतो, खर्च काही हजारांचा. बिनगिअरची पेटी उघडायची तर गाडी शहरात न्यावी लागते आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. बॅटरी उतरली तर गिअरची गाडी चार माणसांनी ढकलून सुरू होते, बिनगिअरची ढकलून सुरू होत नाही. बंद पडल्यावर तिला चाकांवर लांब ओढूनही नेऊ नये. पेटीतले तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन बंद असता दाते कोरडे फिरतात. खरेदीलाही ती साधारण लाखभर रुपयांनी महाग. त्यामुळे जिथे गाडी चालवणारा कायमचा एकच सरावाचा माणूस आहे, रोज पोती आणि क्रेट वाहायची आहेत आणि शहर लांब आहे, तिथे मी गिअरचीच गाडी सांगतो. मालवाहू पिकअप तर गिअरचीच बरी. बाजारातही निवड आहे : २०२० ची थार आणि २०२३ ची जिम्नी दोन्ही प्रकारांत आल्या, तर २०२१ ची गुरखा फक्त गिअरची आली, पण तिला पुढच्या-मागच्या दोन्ही जोडचाकांना कुलूप आहे. एक चाक हवेत गेले तरी दुसरे ओढते, ही सोय चिखलात मोठी.

त्या वस्तीवर आम्ही ओढ्याच्या काठावर बसून हिशेब केला. माल वाहायला ट्रॅक्टर-ट्रॉली आहेच. नव्या गाडीचे काम माणसे नेणे-आणणे, दूध, शाळा, आणि अडीअडचणीची रात्र. चालवणारी माणसे तीन, त्यात एकाचा डावा पाय निकामी, एक नवशिकी. मी विचारले, ती रात्र पुन्हा आली तर किल्ली कुणाच्या हातात असेल? मालक काही बोलले नाहीत. आबाच म्हणाले, “साहेब, मग बिनगिअरचीच येऊ द्या. पण तेलाचं भांडं असलेली.”

गाडी आली. कोणती ते छापत नाही, जाहिरात होईल. दोन बॅटरीच्या तारा आणि नायलॉनचा जाड दोर गाडीत ठेवायला सांगितला. पेटीचे तेल पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आधी बदलायचे, आणि ते पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच. ट्रॅक्टरच्या गिअरचे तेल त्यात घालायचे नाही. चार चाकांची ओढ कोरड्या डांबरावर काढून टाकायची, नाहीतर वळणावर चाके एकमेकांशी भांडतात आणि टायर-दाते झिजतात. छोटा दांडा टाकायचा तर गाडी पूर्ण उभी करून, न्यूट्रलमध्ये.

सूनबाईंना मी एकच अट घातली होती : पावसाळ्याआधी, कोरड्या उन्हाळ्यात, मुरमाच्या चढावर अर्ध्यात मुद्दाम थांबायचे आणि सरळ मागे उतरून यायचे, असे वीस वेळा. आबा शेजारच्या सीटवर. मे महिन्यात त्यांचा निरोप आला की बावीस वेळा झाले, त्यातली शेवटची सहा अंधारात दिव्यांवर. दोन वेळा आबा ओरडले, एकदा बांधाचा दगड मागच्या बंपरला लागला. ओढ्याला खांब रोवले आहेत, पट्टा लाल रंगाचा मारला आहे.

पुढच्या अंकात कांदाचाळीत पावसाळी ओल धरू नये म्हणून काय करावे, ते पाहू. ज्यांच्या चाळीत या वर्षी कांदा सडला, त्यांनी चाळीची लांबी-रुंदी, तळाची उंची आणि वारा कोणत्या बाजूने येतो हे लिहून पाठवावे.